उत्तमचं दुसरं लग्न

"शालनच्या उत्तमनं म्हणं दुसरं लग्न ला—"

सुलाबाई एवढं बोलली आणि गिरणीवाल्याने पट्टा चढवला. पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं. सुलाबाईचे ओठ हलत होते, हात हलत होते, एकदा तिने कपाळावरही हात मारून घेतला, पण ऐकू काही येईना. डबा भरला तशी ती निघूनही गेली. मागे राहिलेल्या बायकांनी ते वाक्य आपापल्या सोयीने पुरं केलं. एक म्हणाली, चोरून लावलं असणार. दुसरी म्हणाली, पहिलीने स्वतः लावून दिलं असणार. पण ज्या पोराला एक मुलगी मिळता मिळता त्याच्या आईच्या चपला झिजल्या, त्याने दुसरी कुठून पैदा केली, हे काही कोणाला सांगता येईना.

अशा बातमीचा निकाल लावायचा तर मागूनच सुरुवात करावी लागते.

हिवरेवाडीत उत्तम नावाचा एक भोळा मुलगा होता. नाव आईने ठेवलेलं. तेव्हा तो पाळण्यात होता, आणि पाळण्यातल्या माणसाचा अंदाज कोणाचाही चुकू शकतो. कामचुकार मात्र नव्हता. सांगितलेलं काम कधी टाळायचा नाही. फक्त सांगितलं तेवढंच करायचा, आणि सांगितलं तसंच करायचा. एकदा शालन म्हणाली, दारावर लक्ष ठेव, मी आलेच. परत येऊन बघते तर कुत्रं भाकरीची चवड तोंडात धरून चाललेलं आणि उत्तम दाराकडे टक लावून बसलेला. दार जागेवर होतं.

त्याचं लग्न जमेना, आणि शालनचा सगळा जीव तेवढ्यात अडकला होता. नवरा गेल्यापासून घर, म्हैस आणि उत्तम तिने एकटीने सांभाळलं. आता बोलायला, भांडायला, हाताखाली यायला एक सून यावी, एवढंच तिचं मागणं. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे आणि विचारायचे, मुलगा करतो काय? शेती म्हटलं की बशी खाली ठेवायचे. लग्नं जमवणारे शिदूतात्या एकदा स्पष्टच म्हणाले, वहिनी, नोकरी दाखवा कसली तरी. कॉम्प्युटरची असली तर फारच बरं. ती काय असते ते मुलीकडच्यांनाही कळत नाही, त्यामुळे प्रश्न कमी येतात.

तालुक्याला स्टँडसमोर चौगुले सरांच्या क्लासचा बोर्ड होता. 'मॅन्युअल सॉफ्टवेअर टेस्टिंग शिका. अनुभव नको. कोडिंग नको. कसलीही अट नाही.' शालनने तो एकदा वाचला, मग पदराने चष्मा पुसून पुन्हा वाचला. जे जे नको म्हणून लिहिलं होतं ते ते उत्तमपाशी नव्हतंच. या बाबतीत त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात निघाला नसता. क्लासचे मालक, शिक्षक आणि झाडूवाले असे तिन्ही चौगुले सरच होते. त्यांनी समजावलं की कंपनी प्रोग्राम तयार करते, तो नीट चालतो का ते आपण तपासायचं, आणि त्याचा पगार घ्यायचा. शालनला नवल वाटलं. तिच्या सासूने जन्मभर तिचा स्वयंपाक तपासला होता, तिला कोणी पगार दिला नव्हता.

पहिल्या दिवशी उत्तम खिशाला टेस्टर खोचून गेला. तोच, पिवळ्या मुठीचा, बटनात लाईट आहे की नाही ते बघायचा. सरांनी विचारलं, हे काय?

"टेस्टर व्हायचंय न्हवं? घरचाच आणलाय."

सरांना हसू आलं, पण त्या वर्षी विद्यार्थी एकच होता म्हणून त्यांनी ते गिळलं. म्हणाले, "उत्तम, हे हत्यार घरी ठेव. मॅन्युअल टेस्टिंग म्हणजे हाताने तपासणं."

संध्याकाळी शालनला मिक्सरचा झटका बसला. करंट उतरतोय का बघ रे, म्हणाली. उत्तमने टेस्टर काढला. मग त्याला शिकवण आठवली. त्याने टेस्टर फळीवर ठेवला आणि हाताने तपासलं. पुढच्या क्षणी तो कांद्याच्या पोत्यावर होता. तिथूनच म्हणाला, "हाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला समोर बसवून सांगितलं की वस्तूला हात लावायचाच नाही. दोष दिसला तरी आपण दुरुस्त करायचा नाही, ज्याने केलंय त्याला जाऊन सांगायचं. आणि सांगताना पहिल्यापासून सांगायचं. आधी काय केलं, मग काय केलं, मग काय दिसलं. मधलं काही गाळायचं नाही.

त्याच आठवड्यात शाळेत बचत गटाची बैठक होती. गॅसवरचं दूध बघ म्हणून शालन तिकडे गेली. बैठक रंगात आली होती तोच उत्तम दारात येऊन उभा राहिला.

"आई, मी सकाळी उठलो," तो म्हणाला.

बायकांनी वळून बघितलं.

"चूळ भरली. म्हशीला वैरण टाकली. च्या पिलो. मग आतल्या खोलीत गेलो. डावीकडं बगितलं, मांजर. उजवीकडं बगितलं, दूध. दूध उतू चाललं हुतं."

"हुतं म्हंजे? गॅस बंद केलास का?"

"दुरुस्ती आपलं काम न्हाई. ज्यानं ठिवलं त्याला सांगायचं."

शालन घरी पोचली तेव्हा पातेलं काळं पडलं होतं आणि मांजर तृप्त होऊन ओट्याखाली झोपलं होतं. पातेलं घासता घासता ती म्हणाली, उतू चाललेलं दिसलं की आधी बंद करायचं, मग बोलायचं. उत्तमने मान हलवली. त्याची मान फार पटकन हलायची.

मग ग्रामसभा आली. नवीन पाण्याच्या टाकीचं कौतुक करायला सरपंच उभे राहिले. टाकीत पाणी नव्हतं, पण भाषणात भरपूर होतं. शेवटी शेवटी ते म्हणाले की आज माझं मन भरून आलंय, डोळे भरून आलेत, शब्द आवरेनासे झालेत. उत्तम मेन स्विचच्या शेजारी बसला होता. त्याने तो बंद केला. माईक गेला, पंखे गेले. मग उत्तम बोलला, "सरपंच उतू चालले हुते." गावाला मनातून फार बरं वाटलं. तोंडाने मात्र सगळ्यांनी निषेध केला.

हे चौगुले सरांच्या कानावर गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. "उत्तम, सगळं कळत असल्यासारखं वागू नकोस," ते म्हणाले. "टेस्टरने नवख्या माणसासारखं वागायचं. आपल्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही, असं धरून चालायचं."

हा धडा त्याला बाकीच्या सगळ्या धड्यांपेक्षा सोपा गेला.

नेमके त्याच दिवशी शिदूतात्या एक स्थळ घेऊन आले. शालन डेअरीत दूध घालायला गेली होती. उत्तम उंबऱ्यावर होता.

"वहिनी हायत का घरात?"

"ठाऊक न्हाई."

"शालनवहिनीचंच घर न्हवं हे?"

"ठाऊक न्हाई."

तात्यांनी एकदा घराकडे बघितलं, एकदा पोराकडे. "तू उत्तमच न्हवं रं?"

"तसं एकदम म्हणता यायचं न्हाई. तपासाय लागंल."

तात्या आल्या पावली माघारी फिरले. शालनने त्यांना रस्त्यात गाठलं, किटली खाली ठेवून हात जोडले आणि काय झालं ते ऐकून घेतलं. तात्यांचं म्हणणं पडलं की पोराला आधी डॉक्टरकडे न्या. शालन म्हणाली, शिकतोय तो, कॉम्प्युटरचं शिकतोय, सुरुवातीला असं होतं म्हणतात. हे मात्र तात्यांना पटलं. त्यांचा पुतण्या पुण्याला शिकून आला तेव्हा तोही गावात कोणाला ओळख दाखवत नव्हता. स्थळ बेलेवाडीचं होतं. आनंदरावांची मुलगी, वृषाली. रविवार ठरला.

शालनने घरी येऊन सांगितलं, "उत्तम, रविवारी तुजा बगायचा प्रोग्राम हाय."

उत्तम ताडकन उठून बसला. कारण सरांनी नुकतंच शिकवलं होतं की प्रत्येक प्रोग्राममध्ये बग असतो. बग म्हणजे दोष. मोठे आधी सांगायचे, बारके नंतर. आणि मुख्य म्हणजे आपल्या मालातला बग गिऱ्हाइकाच्या आधी आपण सांगायचा, नाहीतर गिऱ्हाईक परत येत नाही. आईला हे सगळं कोणी शिकवलं ते उत्तमला कळेना. पण बगाचा प्रोग्राम तिने अगदी बरोबर शोधून आणला होता.

रविवारी शालन, तिचा भाऊ आणि उत्तम बेलेवाडीला गेले. शालनने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि गळ्यात बोरमाळ घातली होती. पोहे झाले. वृषाली येऊन पाटावर बसली. आनंदराव म्हणाले, काय विचारायचं ते मोकळेपणाने विचारा.

उत्तम उभा राहिला. "इचारायचं काही न्हाई. आमच्या मालातले बग सांगतो. मोठे आदी."

शालनने मागून त्याचा शर्ट ओढला. त्याला वाटलं, आई मोठ्याने बोल म्हणते. त्याने आवाज वाढवला.

"नोकरी अजून न्हाई. लागंल का, ते सरांनाबी ठाऊक न्हाई. ते सोतासाठी शोदत्यात. घर पावसाळ्यात दोन जागी गळतं. आईच्या गळ्यातली बोरमाळ शेजारच्या काकींची हाय, उद्या परत द्यायची. आन मामा मगापासनं गप बसल्यात, कारण तोंड उघडलं की वास येतो."

मामांनी तोंड उघडून ते साफ खोटं असल्याचं सांगितलं. बग सिद्ध झाला.

शालनने बोरमाळ पदराखाली घेतली, आता तिचा काही उपयोग नव्हता तरी. शेजारणीने ती मोठ्या विश्वासाने दिली होती, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगू नको असंही बजावलं होतं. शालनला दिसत होतं की हे स्थळ गेलं. यानंतर तात्या दारात उभे राहणार नव्हते.

तेव्हा पाटावरून वृषाली म्हणाली, "एक ऱ्हायला."

"कुठला?" उत्तमने विचारलं.

"शर्टाची बटनं. एक घर सोडून लावल्यात."

उत्तमने खाली बघितलं. खरंच एक कड वर आणि एक खाली होती. त्याने मुलीकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "बारका हाय," तो म्हणाला, "पर खरा हाय."

वृषालीने तोंडाला पदर लावला. आनंदरावही हसले, आणि मग त्यांनी सांगितलं की मागच्या स्थळाचा मुलगा पुण्यात मॅनेजर असल्याचं सांगत आला होता. चौकशी केली तर तो एका हॉटेलाबाहेर गाड्या लावून देत होता. हा तर विचारायच्या आधीच सगळं ओकला. "मुलगा वाईट न्हाई," ते म्हणाले. "पर नोकरी लागू द्या. मग तारीख धरू."

म्हणजे सगळं पुन्हा नोकरीवर येऊन ठेपलं. परतीच्या वाटेवर शालन मामांशी बोलली नाही आणि उत्तमशीही बोलली नाही. बोरमाळ तेवढी हातात घट्ट धरून बसली.

चौगुले सरांनी त्याला तालुक्यातल्याच एका कंपनीत नेलं आणि स्वतः फाटकाबाहेर थांबले. कंपनीने डेअऱ्यांसाठी फोनवरचा एक प्रोग्राम केला होता. दूध घालणाऱ्याने त्यात आपली माहिती भरायची. मालक राजमाने साहेबांनी उत्तमच्या हातात फोन दिला आणि म्हणाले, वापरून दाखवा. शालन बाहेर बाकड्यावर बसून काचेतून बघत होती आणि मनातल्या मनात देवाला नारळ कबूल करत होती.

दूध घालणाऱ्याचं नाव विचारलं होतं. उत्तमने म्हशीचं नाव लिहिलं, कारण दूध तीच घालते. दूध किती, तिथे लिहिलं, 'बरंच'. मग गुप्त शब्द मागितला. तो गुप्त आहे म्हणून त्याने लिहिलाच नाही. त्याच्याखाली 'पुन्हा लिहा' असं होतं. तिथे त्याने लिहिलं, 'पुन्हा'.

प्रोग्राम जागच्या जागी बंद पडला.

काचेआड साहेब खुर्चीतून उठलेले शालनला दिसले. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब उत्तमचा हात हातात घेऊन हलवत होते. मोठमोठे इंजिनियर बसवून त्यांनी तो प्रोग्राम तपासला होता, पण इतकं चुकीचं वापरायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि त्यांची गिऱ्हाइकं तर सगळी अशीच वापरत होती. नोकरी लागली. सरांनी लगेच बोर्डावर उत्तमचा फोटो चढवला आणि खाली लिहिलं, 'शंभर टक्के विद्यार्थ्यांना नोकरी'. विद्यार्थी एकच होता, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

कामावर साहेबांनी त्याला एक नवी गोष्ट शिकवली. ती त्याने घरी येऊन आईला सांगितली, की एकदा नीट झालं म्हणून पास म्हणायचं नाही. पुन्हा पहिल्यापासून करून बघायचं. दुसऱ्यांदाही तसंच झालं तरच पास. शालन त्या वेळी लग्नाच्या साड्या मोजत होती. ती म्हणाली, "बरं." हा 'बरं' तिला पुढे फार आठवला.

लग्न बेलेवाडीत. रिवाजाप्रमाणे नवरदेव आधी मारुतीच्या देवळात गेला, तिथून बँड लावून मांडवात आला. अंतरपाट धरला. मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, हार घातले. मामासुद्धा शुद्धीत होते. शालनने डोळे पुसले. पंगती बसल्या, मसालेभात वाढला गेला, बँडवाल्यांनी वाद्यं ठेवून पानं धरली.

तेव्हा उत्तमने गळ्यातला हार काढला, खुर्चीवर ठेवला आणि मांडवातून चालता झाला.

आधी वाटलं, हात धुवायला गेला असेल. पण तो फाटकातून बाहेर पडला आणि सरळ रस्त्याला लागला. पंगतीतून कोणीतरी म्हणालं, नवरा पळाला. आनंदरावांच्या हातातली वाढायची परात तिरकी झाली. शालन उठली आणि पळत सुटली. तिच्यामागे आनंदराव, त्यांच्यामागे शालू गुडघ्यापर्यंत धरून नवरी.

उत्तम मारुतीच्या पारावर बसला होता. मुंडावळ्या नीट केलेल्या, हात गुडघ्यांवर.

"काय झालं रं?" शालनचा श्वास पुरत नव्हता. "कुणी काय बोललं का? काय कमी पडलं?"

"कायबी न्हाई. लई बेस झालं. म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"एकदा झालं म्हणून पास म्हणायचं न्हाई. पुन्हा पहिल्यापासनं. तूच बरं म्हणालीस. बँड आला की निगू."

शालन पायरीवर बसली. आनंदरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मारुतीकडे बघत राहिले. नोकरी बघितली, घर बघितलं, मामा बघितला, तरी हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. आता ते काय म्हणतील, यावर शालनला सून राहते की नाही हे ठरणार होतं. पण बोलली नवरी.

"आन दुसऱ्यांदा नीट झालं तर?"

"तर पास."

"तिसऱ्यांदा न्हाई?"

"बग निगाला तरच."

वृषालीने शालू खाली सोडला, नीट केला. "आप्पा," ती म्हणाली, "बँडवाल्यांना हात धुवाय सांगा. आन सगळ्यांना म्हणावं, ह्या खेपंला कुणी चुकू नका."

बँड तोंडात घास घेऊन वाजला. भटजींनी मंगलाष्टका निम्म्या वेळात उरकल्या. अडचण आली ती अक्षतांची. त्या पहिल्या लग्नातच संपल्या होत्या. पंगत उष्ट्या हातांनी बसलेली, तिला उठताही येईना. 'सावधान' ऐकू आलं तशी ज्याच्या हातात जे होतं ते त्याने उधळलं. नवरानवरीवर मसालेभात पडला. मामांच्या बाजूने एक जिलेबी आली आणि उत्तमच्या फेट्यात अडकली.

उत्तमने ती काढून हातात घेतली, उलटसुलट बघितली.

"पहिल्या वेळंला जिलेबी न्हवती," तो म्हणाला. "हा बग हाय."

बँडवाल्याने हातातली काठी खाली ठेवली. शालनने वृषालीकडे बघितलं. दुसरं कोणाकडे बघण्यात अर्थ नव्हता.

"बारका हाय," वृषाली म्हणाली. "नंतर सांगायचा."

उत्तमने विचार केला. मोठे आधी, बारके नंतर. बरोबर होतं. त्याने जिलेबी खाल्ली आणि म्हणाला, "पास."

त्यानंतर शालन दळण घेऊन आली तेव्हा गिरणीवर वीज गेलेली होती. त्यामुळे निदान बोललेलं ऐकू येत होतं. बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. शेवटी एकीने विचारलं, "शालन, उत्तमनं दुसरं लग्न लावलं म्हणं. खरं हाय का?"

"खरं हाय," शालन म्हणाली.

"आगं बया. मग पहिली कुठं हाय?"

"घरी. भाकरी थापतीया."

"आन दुसरी?"

शालनने डबा पुढे सरकवला आणि म्हणाली, "तीच." पण तेवढ्यात वीज आली, पट्टा फिरला, आणि तो शब्द मागच्या बायकांपर्यंत पोचला नाही. ओढ्याच्या पलीकडच्या आळीत अजूनही शालनला दोन सुना आहेत.